नीलिमाची उदाहरणं

आमच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, जवळपास प्रत्येक माणूस पुस्तकात छापून आला आहे. मी सोडून. ही तक्रार मी वर्षानुवर्षं केली, चहाच्या कपावर केली, लग्नाच्या पंगतीत केली, आणि दर वेळी नीलिमा नुसती हसली. आज ती तक्रार मी कुणापुढे काढत नाही. तरी सुरुवात तिथूनच करावी लागेल, कारण नीलिमा काय चीज आहे ते त्याशिवाय कळायचं नाही.

आमची घरं रायपूरला, गुढियारीच्या अंगाला. सगळ्यांचे आजे भंडारा-गोंदियाकडून रेल्वेत लागले आणि इथेच राहिले. आता आमची मराठी ऐकून नागपूरचे पाहुणे हसतात आणि हिंदी ऐकून इथले. नीलिमाचे वडील दयारामकाका वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. दिवसाला दहा शब्द बोलले तर बोलले. त्यांच्या वाटणीचं सगळं कमलाकाकी बोलते. काकी म्हणजे पाऱ्याचं आकाशवाणी केंद्र, सकाळी नळाला पाणी आलं की प्रसारण सुरू. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. माझं नाव प्रफुल्ल, रेल्वेच्या एका ऑफिसात टिपणं लिहितो. नातं काही नाही, पण नीलिमा मला दादा म्हणते आणि मी तिला हक्कानं बोलून घेतो.

गणितात बी.एस्सी. झाल्यावर ही पोरगी पुरानी बस्तीतल्या एका प्रकाशकाकडे गणिताची गाइडं लिहायला लागली. तिथे तिनं एक खोड लावून घेतली. उदाहरणात माणूस लागला की ती पाऱ्यातला माणूस उचलायची. दयाराम आंबे विकत घ्यायचा, कमला कापड मोजायची, गोदावरी दोन नळांनी टाकी भरायची, विकी ताशी अमुक वेगानं अभनपूरला निघायचा. नवीन गाइड आलं की सगळा पारा आपापलं नाव शोधायचा. तिचं म्हणणं असं, की माणूस ओळखीचा असला की गणिताची भीती जाते. आणखी एक गोष्ट मी वाचता वाचता हेरली होती. नफा-तोट्याच्या धड्यात आमच्यापैकी कुणालाच कधी तोटा होत नसे. तोटा व्हायचा तो 'एक दुकानदार' नावाच्या कुणा परक्या माणसाला.

मी विचारलं, "मायं नाव काहून नाई टाकत?"

"तुयं नाव जोडाक्षराचं हाय, दादा. पोट्टे अडखळतात."

म्हणजे बापजाद्यांनी हौसेनं ठेवलेलं नाव माझ्या आड आलं.

यात जिचं नाव सगळ्यात जास्त वेळा छापून आलं ती गोदावरीमावशी, समोरच्या घरातली. समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात आया म्हणून तिनं अख्खी हयात घालवली. लोकांची बाळंतपणं काढता काढता तिनं अभनपूरला एक प्लॉट घेतला. प्लॉट म्हणजे काय, चार खांब आणि मधे गवत. पण महिन्यातून एकदा मावशी पिशवीत खुरपं आणि डबा घेऊन बसनं तिथे जायची, गवत काढायची, आपल्याच जमिनीवर बसून भाकर खायची आणि परत यायची. दोन खोल्या, एक ओटा, पेरूचं झाड, एवढं तिनं ठरवून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही तरी पेरूची जागा कुठली ते सांगायची. तिचा मुलगा विकी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो बारावी सुटला तो नीलिमाच्या गाइडवर, असं मावशीचं पक्कं मत आहे, आणि ते खरंही आहे.

गाइडांचा धंदा बसला. पोरं फोनवर शिकायला लागली, प्रकाशकानं शटर ओढलं. काही दिवस नीलिमा घरी बसून होती आणि मग तिला बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम मिळालं, घरूनच करायचं. कमलाकाकीनं नळावर जाहीर केलं की नीलू आता कॉम्प्युटरसाठी गाइड लिहिते. मला वाटलं, काकीचं आपलं नेहमीचं. पण या वेळी काकी शब्दशः बरोबर होती.

नीलिमानं मला ते असं समजावलं. जगात आता हजारो तऱ्हेची आभासी नाणी आहेत, क्रिप्टो म्हणतात ती. त्यांचे भाव क्षणाक्षणाला बदलतात. तिची कंपनी ते भाव आणून देणारी अवजारं बनवते. प्रत्येक अवजाराचं एक पान असतं. हे काय करतं, याला काय विचारायचं, हे उत्तर कसं देतं, आणि शेवटी एक उदाहरण. ती पानं नीलिमा लिहायची, इंग्रजीतून.

"अन् वाचते कोन?"

"एजंट वाचते."

"विम्याचा?"

"नाई हो दादा. एआयचा. तो बी प्रोग्रामच. मालकानं सांगतलं का भाव पाहून ये, तर तो मायं पान वाचते, भाव आनते. मालकानं मुभा देल्ली असली तं विकतही घेते."

"अन् समजलं नाई तं?"

"तेच तं. गाइड वाचनारा पोट्टा अडला तर मास्तरले विचारते. हा विचारतच नाई. वाचते अन् करते. म्या जे लिवलं ते त्याच्यासाठी खरं."

मला ते ऐकून काही बरं वाटलं नाही, पण पगार वेळेवर येत होता आणि दयारामकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यातूनच झालं. आपण कोण बोलणारे.

पहिलं मोठं पान तिनं लिहिलं त्या दुपारी मी तिथेच होतो. कमलाकाकी समोर लाल भाजी निवडत बसली होती. पान झालं होतं, फक्त उदाहरण राहिलं होतं. खरं नाणं उदाहरणात घ्यायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. उद्या कुणी म्हणेल, तुम्हीच घ्यायला सांगितलं. तेव्हा नसलेलं नाव हवं होतं. नीलिमानं समोर पाहिलं आणि टाइप केलं, कमला. इंग्रजी मोठ्या अक्षरांत. पुढे एक काल्पनिक भाव. आणि त्यापुढे, एका दिवसात किती टक्के वाढला की पडला, तो आकडा. तिथे तिनं भली घसघशीत वाढ टाकली.

"एवढी?" मी म्हटलं.

"आईच्या नावापुढे उणे चिन्ह टाकू का मंग?"

काकीला वाचून दाखवलं. काकीचा चेहरा असा फुलला की भाजीतल्या दोन-तीन काड्या तशाच गेल्या.

नाव सापडलं नाही तर अवजारानं काय म्हणायचं, तेही तिनंच लिहिलं. 'या नावाचं नाणं सापडलं नाही. कृपया नाव तपासून पाहा.' मला त्यातलं 'कृपया' आवडलं. माझं इंग्रजी ऑफिसच्या टिपणांत घासून घासून गुळगुळीत झालेलं, म्हणून ती आपली पानं मला वाचायला द्यायची. त्या पानाच्या कडेला टीप लिहायची सोय असते. मी दोन स्वल्पविराम सुधारले आणि शेवटी टीप टाकली, 'माझं नाव कधी टाकशील?' खाली सही, प्रफुल्ल. तिनं उत्तरात एक हसरं तोंड टाकलं. टीप तशीच राहिली.

पान लोकप्रिय झालं. एजंटांत लोकप्रिय म्हणजे काय असतं ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण कंपनीतला तिचा साहेब सौमित्र खूश होता. अशा आणखी पानांवर तिनं तेच उदाहरण वापरलं. एक दिवस नीलिमा हसत माझ्याकडे आली.

"दादा, आई वर्ल्ड फेमस झाली."

झालं असं होतं, की नव्या एजंटानं अवजार हातात घेतलं की तो आधी उदाहरण करून पाहतो. जगभरचे एजंट रोज विचारत होते, कमलाचा भाव काय? आणि अवजार सगळ्यांना सांगत होतं, सापडलं नाही, कृपया नाव तपासून पाहा. न सापडलेल्या नावांची यादी कंपनी उघडी ठेवत असे, कशाची मागणी आहे ते सगळ्यांना दिसावं म्हणून. त्या यादीत कमला सगळ्यात वर होती. आम्ही हसलो. काकीला सांगितलं, तीही हसली. दयारामकाका तेवढे हसले नाहीत.

"जे नाई ते इतकं काहून विचारून राह्यले?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर एका सकाळी अवजारानं उत्तर दिलं.

भाव आला. कमला नावाचं नाणं निघालं होतं. नीलिमा मला बोलवायला आली तेव्हा तिच्या पायात चप्पल नव्हती. कुठेतरी बसलेल्या कुणीतरी ती उघडी यादी पाहिली होती आणि मागणी असलेल्या नावाचं नाणं काढून बाजारात सोडलं होतं. असं नाणं काढायला फार वेळ लागत नाही, फार अक्कलही लागत नाही. कुणी काढलं, कुठल्या देशात, बाई की पुरुष, कधी कळायचं नाही. आणि ज्या एजंटांनी पानावर वाचलं होतं की कमला नावाचं नाणं असतं आणि ते वाढतं, त्यांना आता ते खरोखर मिळत होतं. ते घेत होते. ते घेत होते म्हणून ते वाढत होतं. तिनं गमतीत टाकलेल्या वाढीच्या ते पुढे गेलं होतं.

"म्या काढलं नाई, दादा," ती म्हणाली. मी तसं म्हटलंही नव्हतं.

तिनं त्याच दिवशी सौमित्रला फोन केला. त्याला आधी मौज वाटली, मग तो गंभीर झाला, मग नाव काढून टाकायला हो म्हणाला. "पर नीलिमा जी, पेज की कॉपी तो जगह-जगह पड़ी होगी," असंही म्हणाला. तिनं नाव काढलं. पण तोवर त्या पानाची नक्कल कुठे कुठे साठवली गेली होती आणि एजंट तीच वाचत होते. आपल्या घरातलं घड्याळ बंद केल्यानं गावातली वेळ थांबत नाही, तसं ते झालं.

आणि इकडे आकाशवाणीचं काम सुरूच होतं. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर कमलाकाकीनं सांगितलं की आपल्या नावाचं नाणं निघालं. विकीनं तिथल्या तिथे फोनवर शोधलं. निघालं. वर कमला, खाली हिरवा चढता आलेख. फोन हातोहात फिरला.

आता आमच्या लोकांचं पाहा. गाइडात नाव टाकणारी नीलिमा. क्रिप्टोच्या कंपनीत काम करणारी नीलिमा. आणि नाणं कमला. यातून दुधखुळ्या माणसानंही जो अर्थ काढला असता तो साऱ्या पाऱ्यानं काढला. नीलिमा जिवाच्या आकांतानं सांगत होती, ते माझं नाही, त्याला हात लावू नका. लोक मान डोलवायचे, डोळे मिचकावायचे. आम्ही नोकरीपेशातली माणसं. भरती निघायची असली की साहेब 'मला काही माहीत नाही' असंच म्हणतो, हे आम्हाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक. ती जितकं नाही म्हणाली तितकं ते पक्कं होत गेलं. मला त्या लोकांचा राग यायचा, आणि मग आठवायचं की मीही त्यांच्यातलाच. नीलिमाला ओळखत नसतो तर मीही डोळा मिचकावला असता.

मग कळलं की गोदावरीमावशी अभनपूरचा प्लॉट विकते आहे.

आम्ही दोघं दुपारी तिच्याकडे गेलो. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होती. विकी दुकानातून जेवायला आला होता. मावशीनं आधी पाणी दिलं, मग म्हणाली, "बोल नीलू. तू काय सांगशील ते मले मालूम हाय."

"मावशी, प्लॉट विकू नको. ते नानं मायं नाई. उदाहरण होतं ते. त्याच्यामागे काहीच नाई."

"हव. काहीच नाई. अन् वाढून राह्यलं."

"सारे घेऊन राह्यले म्हनून वाढून राह्यलं. ज्यानं काढलं तो एक दिवस सारं घेऊन पळन."

मावशीनं सूप बाजूला ठेवलं. "हे पाय. नुसता प्लॉट हाय तर गवतच उगवन तिथं. घर बांधाले कुठून आनू? प्लॉट इकून कमला घेतली, तं कमला इकून प्लॉटबी परत येते अन् घरबी. इतकं गनित मले येते. तूच शिकोलं."

विकी म्हणाला, "दीदी, रुको ना, इसी से पूछ लेते हैं." त्याच्या फोनवर भाव सांगणारं, घेऊन देणारं एक अॅप होतं. त्यात एजंट होता, बोलणारा. विकीनं विचारलं, "कमला कॉइन भरोसे का है क्या?"

फोन गोड आवाजात बोलला. कमलाचा उल्लेख भावाची अवजारं बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत पानावर उदाहरण म्हणून आहे, त्या पानानुसार ते वाढतं नाणं आहे, आणि सध्याची वाढ त्याच्याशी जुळते. निर्णय आपला आपण घ्यावा. पान लिहिणाऱ्याचं नाव त्यानं सांगितलं. नीलिमाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

नीलिमानं हातातला पेला खाली ठेवला.

"ते म्या काढून टाकलं, मावशी. हा जुनं वाचून राह्यला."

"लिवलं तं तूच होतं ना?"

"हो, पन..."

"तुया पुस्तकातलं एक तरी गनित चुकलं होतं का? सांग. विकी त्याच्यावरच पास झाला. तू तोंडानं भीतीपोटी काईबी म्हनशील, नोकरी हाय तुयी, मले समजते. लिवलं ते तू सोच-समजूनच लिवलं असन." तिनं नीलिमाच्या डोक्यावर हात ठेवला. "मायी काळजी करू नको, पोरी."

समोर बसलेल्या नीलिमापेक्षा लिहिलेली नीलिमा तिला जास्त खरी वाटली. आणि असं वाटण्यात तिचा काही वेडेपणा नव्हता. आयुष्यभर दवाखान्यात तिनं हेच पाहिलं होतं, की डॉक्टर तोंडानं काहीही म्हणोत, औषध चिठ्ठीवर लिहिलेलंच द्यायचं.

परतताना नीलिमा मला म्हणाली, "आता एकच उरलं." तिनं बसून त्या सगळ्या पानांच्या माथ्यावर इशारा लिहिला. कमला हे केवळ काल्पनिक उदाहरण होतं, या नावाच्या नाण्याशी आमचा संबंध नाही, ते खरेदी करू नये. मी तीनदा वाचला. त्यात कुठे फट नव्हती. तो इशारा एजंटांनी वाचला, आणि ज्या पानांवरून नाव गेलं होतं त्या पानांवर ते पुन्हा आलं, तेही सगळ्यात वर. काहींनी इशारा इशाऱ्यासारखा वाचला. बाकीच्यांनी एवढंच मोजलं की एवढी मोठी कंपनी या नाण्याबद्दल बोलते आहे. पुढच्या दिवशी कमला आणखी वर गेली. नीलिमानं लॅपटॉप मिटला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. मदतीला म्हणून तोंड उघडावं आणि त्यानंच घात व्हावा, असं मी तोवर फक्त ऐकलं होतं.

मावशीनं अभनपूरला जाऊन अंगठा आणि सही दोन्ही दिली. येताना पेरूचं एक रोप उपटून आणलं, तिनंच त्या ठरलेल्या जागी लावलेलं. ते तिनं डालड्याच्या डब्यात ठेवलं, परत नेऊन लावायचं म्हणून. प्लॉटच्या पैशाची विकीनं फोनवरून कमला घेतली.

पुढचे दिवस चांगले गेले. हेच सगळ्यात वाईट होतं. पाऱ्यात मिठाई वाटली गेली. मावशी माझ्याकडे पाहून हसायची, जणू सांगायची, बघ. नीलिमा रोज सकाळी उठून आधी भाव विचारायची आणि भाव आला की सुटकेचा श्वास टाकायची, आणि मग त्या सुटकेचीच तिला लाज वाटायची. तिला मी इतकं भ्यालेलं कधी पाहिलं नव्हतं. मला विचाराल तर मीही भ्यालो होतो. विकी म्हणायचा, मम्मी अजून थांब म्हणते, घरापुरते पैसे होऊ दे.

मग एका सकाळी भाव आला नाही.

मी तेव्हा दाढी करत होतो. भिंतीपलीकडून नीलिमाची रोजची 'आला' अशी हाक आली नाही, म्हणून मीच गेलो. नीलिमा पडद्याकडे पाहत होती. पडद्यावर तिचंच वाक्य होतं. या नावाचं नाणं सापडलं नाही. कृपया नाव तपासून पाहा.

आम्ही रस्ता ओलांडून गेलो तेव्हा विकी ओट्यावर उभा राहून फोन पुन्हा पुन्हा दाबत होता. मावशी दारात होती. फोन त्याच गोड आवाजात म्हणाला, इस नाम का कॉइन नहीं मिला, कृपया नाम जाँच लें. विकीनं परत विचारलं. परत तेच.

"नाव तर बरोबर हाय," मावशी म्हणाली. शांतपणे, एखाद्या नव्या नर्सला समजावावं तसं. "कमला. समोरच राह्यते."

समोरच्या दारात कमलाकाकी उभी होती. नळाला पाणी आलं होतं, बादली भरून वाहत होती, आणि तिला ते कळत नव्हतं.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. मावशी काकीशी बोलते, पण नावानं हाक मारत नाही. बाकीच्यांनी मात्र ते नाव उचललं. कुणाचं काही बुडालं, कुणाचा फोन पाण्यात पडला, की पोरं म्हणतात, गया, कमला हो गया. काकीच्या पाठीमागेच नाही, समोरही. तिचा गुडघा धरला म्हणून मी तिला समता कॉलनीत डॉक्टरकडे नेलं. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, नाम? काकीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "दयाराम की मिसेस लिख दो." नळावर ती आता सगळ्यांच्या आधी जाते, पाणी भरते आणि परत येते. प्रसारण बंद आहे. त्या घरात आता बोलायचं काम दयारामकाकांवर आलं आहे आणि त्यांना ते जमत नाही.

नीलिमानं नोकरी सोडायचं ठरवलं होतं. सौमित्रनं समजूत काढली. चूक तिची नाही, असं म्हणाला, आणि वर हेही म्हणाला की यापुढे उदाहरणं माणसानं लिहायचीच नाहीत. कंपनीनं त्यासाठीही एक एजंट ठेवला आहे. त्यानं तिची सगळी जुनी पानं वाचली आहेत, तिची शैली उचलली आहे. पान तोच लिहील, तोच छापेल. तिनं नंतर फक्त नजर टाकायची. काकांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन बाकी होतं. ती राहिली.

गेल्या आठवड्यात ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. पडदा माझ्याकडे फिरवला. नव्या अवजाराचं नवं पान होतं. वाचायला फार सुंदर. वाक्यं नीलिमाचीच वाटावीत अशी, 'कृपया' सुद्धा जागच्या जागी. शेवटी उदाहरण. नाण्याच्या जागी इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, प्रफुल्ल. पुढे भाव. त्यापुढे वाढ, भली घसघशीत. ओळखीच्या माणसाला तोटा दाखवायचा नाही, हेही तो तिच्याकडूनच शिकला होता.

कडेला माझी जुनी टीप होती, पहिल्या पानावरून जशीच्या तशी उचललेली. 'माझं नाव कधी टाकशील?' तिच्याखाली एजंटानं उत्तर दिलं होतं, 'पूर्ण केलं.' आणि टीप बंद केली होती.

"छापून झालं?"

"परवाच. मले आज दिसलं."

"काढ ना मंग."

काढून काय होतं ते आम्ही पाहिलं होतं. इशारा लिहून काय होतं तेही पाहिलं होतं. तिनं अवजाराला माझं नाव विचारलं. सापडलं नाही, कृपया नाव तपासून पाहा. जन्मात पहिल्यांदा माझं नाव कुठे नसल्याचा मला आनंद झाला. तेव्हापासून ती रोज सकाळी विचारते आणि भिंतीवर एकदा ठोकते. एकदा म्हणजे अजून नाही. न सापडलेल्या नावांच्या यादीत मी वर वर सरकतो आहे.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं म्हणतात. काल संध्याकाळी मी फाटकाला तेल घालत होतो. गोदावरीमावशी रस्ता ओलांडून आली. मागे तिच्या ओट्यावर ते डब्यातलं पेरूचं रोप दिसत होतं, चांगलं कमरेएवढं झालेलं.

"विकीच्या फोनवर तुयं नाव आलं म्हने," ती म्हणाली.

"मावशी, ते काईच नाई. उदाहरण हाय ते. त्याच्यामागे काहीच नाई." बोलता बोलताच मला कळलं की हे कुणाचं वाक्य आहे.

मावशीनं मान डोलवली. इकडे तिकडे कुणी नाही ना ते पाहिलं आणि माझ्या दंडाला धरून हळू आवाजात म्हणाली, "समजते मले. तू तसंच म्हनशील. फक्त एक कर, बाबू. निघालं का सगळ्यायच्या आधी मले सांगजो."